विश्लेषण : वाय-फाय फुल, तरी घरचा कॅमेरा दिसेना! दोष राउटरचा की कंपनीने दिलेल्या ‘पत्त्या’चा?

गणपतीला गावी गेल्यावर पुण्या-मुंबईतल्या बंद घरातला सीसीटीव्ही मोबाइलवर पाहायचा, तर ‘डिव्हाइस ऑफलाइन’ असा संदेश येतो. शेजाऱ्याला फोन केला तर तो सांगतो की लाइट आहे, राउटरचे दिवेही हिरवे आहेत. कस्टमर केअरला फोन लावला की ‘सर, राउटर रिस्टार्ट करा’ हे ठरलेले उत्तर मिळते. शेवटी अनेक जण दोन-तीन हजार रुपये मोजून नवा राउटर आणतात आणि अडचण तशीच राहते. कारण अशा अनेक तक्रारींत राउटर ठीक असतो. गोंधळ असतो तो इंटरनेट कंपनीने त्या राउटरला दिलेल्या आयपी पत्त्याचा. हा पत्ता राउटरच्या एका पानावर लिहिलेला असतो आणि तो वाचता आला तर बिघाड घरातला की कंपनीचा हे पाच मिनिटांत कळू शकते. हा पत्ता काय असतो, तो कसा तपासायचा आणि कंपनीकडे नेमके काय मागायचे, याविषयी...

घरात किती आयपी पत्ते असतात?

इंटरनेटवर माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक लागतो. तोच आयपी पत्ता. घरच्या राउटरचे दोन पत्ते असतात. एक आतला, म्हणजे ‘लॅन’चा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप यांना त्याच मालिकेतले पत्ते राउटर स्वतः वाटतो. हे पत्ते फक्त घरापुरते असतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या लाखो घरांत एकाच वेळी तेच आकडे असले तरी काही बिघडत नाही. दुसरा पत्ता बाहेरचा, म्हणजे ‘वॅन’चा. तो इंटरनेट कंपनी देते.

एखादी मोठी सोसायटी डोळ्यांसमोर आणली की हे सोपे होते. सोसायटीचा टपालाचा पत्ता एकच, आत फ्लॅट अनेक. फ्लॅटमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची नोंद वॉचमन रजिस्टरमध्ये करतो आणि उत्तर आले की रजिस्टर पाहून योग्य दारात पोहोचवतो. राउटर हेच काम करतो. त्याला ‘नॅट’ म्हणजे नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन म्हणतात. मात्र ज्याची नोंदच रजिस्टरमध्ये नाही, असा कुणी बाहेरून थेट आला तर वॉचमन त्याला गेटवरूनच परत पाठवतो. घराबाहेरून कॅमेरा पाहण्याची मागणी हा असाच न सांगता आलेला पाहुणा असतो. ‘अमुक क्रमांकावर कुणी आले तर त्याला कॅमेऱ्याकडे पाठव’ अशी सूचना राउटरला देऊन ठेवावी लागते. तिला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात.

कंपन्या एकच पत्ता अनेकांना का देतात?

कारण पत्ते संपले आहेत. आजही सर्वाधिक ओळखीची असलेली ‘आयपीव्ही४’ ही पद्धत ३२ बिटांची आहे. त्यात एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात, म्हणजे जगाच्या लोकसंख्येपेक्षाही कमी. शिवाय त्यांची वाटणी सुरुवातीला सढळ हाताने झाली. अमेरिकेतील एमआयटी या एकाच विद्यापीठाकडे दीर्घकाळ १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते होते. त्यातला मोठा हिस्सा त्यांनी २०१७ मध्ये विकायला काढला. जागतिक पातळीवरचा मोकळा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. आशिया-प्रशांत विभागाचे वाटप करणाऱ्या ‘ॲपनिक’ची झोळी त्याच वर्षी एप्रिलमध्ये जवळपास रिकामी झाली आणि तिथून पुढे रेशनिंग सुरू झाले. २०१९ पासून ॲपनिक नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते देते.

आता हिशेब करू. तालुक्याच्या ठिकाणी नव्याने फायबर व्यवसाय सुरू करणाऱ्या आणि पाच हजार ग्राहक असणाऱ्या छोट्या कंपनीकडे ५१२ पत्ते असतील तर साधारण दहा घरांमागे एकच पत्ता येतो. बाजारातून जास्तीचे पत्ते विकत घेता येतात, पण ते महाग पडतात. म्हणून कंपनी स्वतःच्या यंत्रणेत आणखी एक मोठे नॅट बसवते. त्याचे नाव ‘कॅरिअर ग्रेड नॅट’, थोडक्यात ‘सीजीनॅट’. एका सार्वजनिक पत्त्याला ६५,५३६ ‘पोर्ट’, म्हणजे एका अर्थाने खिडक्या असतात. प्रत्येक ग्राहकाला १,०२४ खिडक्या दिल्या तरी एका पत्त्यावर ६४ घरे चालवता येतात.

सोसायटीच्याच भाषेत सांगायचे तर आता अनेक सोसायट्यांची मिळून एक टाउनशिप झाली आणि रस्त्यावर दिसणारे गेट फक्त तिचे उरले. आपल्या वॉचमनला दिलेली सूचना त्या मुख्य गेटवरच्या सुरक्षारक्षकाला माहीतच नसते. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बिनचूक केले तरी पाहुणा मुख्य गेटवरूनच परत जातो.

सीजीनॅटमुळे नेमके काय बिघडते?

यूट्यूब पाहणे, व्हॉट्सॲप वापरणे, ऑनलाइन क्लास, यूपीआय या गोष्टींत काही फरक पडत नाही. कारण त्यांची सुरुवात घरातून होते. त्यामुळे स्पीड टेस्टही उत्तम येते आणि कंपनी ‘आमच्याकडून सगळे ओके आहे’ असे सांगते. अडचण येते ती बाहेरून घरात शिरावे लागणाऱ्या कामांत. पोर्ट फॉरवर्डिंगवर चालणारे जुने डीव्हीआर, घरातल्या संगणकावर बाहेरून काम करणे, घरी ठेवलेला फाइल सर्व्हर, दुकानातले बिलिंग सॉफ्टवेअर दुसऱ्या शाखेतून उघडणे ही त्याची उदाहरणे. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मुलांना ‘नॅट टाइप स्ट्रिक्ट’ असा इशारा दिसतो आणि मित्रांच्या खोलीत प्रवेश मिळत नाही.

दुसरा त्रास शेजाऱ्याच्या करणीचा. एकाच पत्त्यामागे अनेक घरे असल्याने त्यातल्या एखाद्या संगणकात व्हायरस शिरून त्याने उपद्रव सुरू केला तर संकेतस्थळे तो पत्ताच संशयित ठरवतात. मग गूगलवर साधे काही शोधतानाही ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ अशी चौकट वारंवार येते. पत्त्याची नोंद कंपनीच्या मुख्य शहरातली असल्यास नाशिकमध्ये बसलेल्या माणसाला संकेतस्थळे भलत्याच शहराचे हवामान दाखवतात.

आपल्याकडे सीजीनॅट आहे का, हे कसे ओळखावे?

यासाठी टेक्निशियनची गरज नाही. मोबाइल घरच्या वाय-फायला जोडावा, मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करावे. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवर लॉगिनचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करावे आणि ‘स्टेटस’, ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या नावाचे पान उघडावे. तिथे ‘वॅन आयपी’ किंवा ‘आयपी ॲड्रेस’ समोरचे चार आकडे लिहून घ्यावेत. काही कंपन्या स्वतःच्या ॲपमध्येही हे दाखवतात. त्यानंतर गूगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ असे शोधावे. उत्तरात कोलन आणि अक्षरे असलेला लांबलचक पत्ता आला तर तो आयपीव्ही६चा असतो. तुलनेसाठी टिंबांनी जोडलेले चार आकडेच घ्यावेत. मग दोन्ही पत्ते शेजारी ठेवून पाहावेत.

- दोन्ही पत्ते एकच असतील तर घराला स्वतःचा पब्लिक आयपी आहे. कॅमेरा दिसत नसेल तर दोष राउटरच्या किंवा डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये शोधावा.

- वॅनचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांदरम्यान असेल तर ते सीजीनॅट आहे. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ ही ४१,९४,३०४ पत्त्यांची मालिका २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आली.

- वॅनचा पत्ता १० ने सुरू होत असेल किंवा १७२.१६ ते १७२.३१ या गटातला असेल तर तो खासगी पत्ता आहे. काही कंपन्या सीजीनॅटसाठी ही मालिकाही वापरतात.

- वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर लगेच कंपनीला दोष देऊ नये. बहुतेक वेळा घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेले असतात.

- वॅनचा पत्ता ०.०.०.० असेल किंवा रकाना रिकामा असेल तर कंपनीकडून पत्ताच आलेला नाही.

- वॅनचा पत्ता सार्वजनिक वाटतो, पण गूगलवर दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत नाही, असे झाल्यास व्हीपीएन खरेच बंद आहे का ते पुन्हा पाहावे. तरीही फरक राहिला तर या दोन्ही पानांचे फोटो काढून कंपनीला पाठवावेत.

घरात दोन राउटर असतील तर काय होते?

फायबरची जोडणी घेताना कंपनी एक डबा देते. त्याला ‘ओएनटी’ म्हणतात. तो अनेकदा स्वतःच राउटर असतो. त्याची रेंज आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही म्हणून लोक दुसरा राउटर विकत आणून त्याला जोडतात. मग घरातच दोन वॉचमन होतात आणि पाहुण्याला दोन ठिकाणी अडवले जाते. दोघांचीही आतली मालिका १९२.१६८.१ अशी एकच असेल तर नव्या राउटरवरून नेटच चालत नाही किंवा मधूनमधून बंद पडते.

यावरचा सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडणे. मग तो पत्ते वाटत नाही, फक्त वाय-फाय पसरवतो. उलट, दुसरा राउटरच मुख्य ठेवायचा असेल तर कंपनीला सांगून ओएनटी ‘ब्रिज मोड’वर टाकून घ्यावा लागतो. हे केल्यावर वॅनचा पत्ता पुन्हा तपासावा. सीजीनॅट आहे की नाही, याचा खरा निकाल तेव्हाच लागतो.

वॅनवर पत्ताच आला नसेल तर?

आधी ओएनटीवरचे दिवे पाहावेत. ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशाचा सिग्नलच येत नाही. केबल तुटली, वाकली किंवा कनेक्टर ढिला झाला, अशी त्याची कारणे असतात. हे काम कंपनीच्या माणसाचेच आहे. हा दिवा बंद आहे आणि तरीही पत्ता नाही, तर प्रश्न लॉगिनचा असू शकतो. अनेक कंपन्या ‘पीपीपीओई’ या पद्धतीने जोडणी देतात. राउटरमध्ये साठवलेला युजरनेम-पासवर्ड कंपनीच्या सर्व्हरने मान्य केला तरच पत्ता मिळतो. प्लॅनची मुदत संपली, कंपनीच्या सर्व्हरवर जुने सेशन अडकून राहिले किंवा पासवर्ड बदलला गेला तर दिवे हिरवे असूनही नेट बंद राहते.

नवा राउटर लावल्यावर असे झाले तर आणखी एक कारण असते. काही कंपन्या ग्राहकाचे खाते जुन्या राउटरच्या ‘मॅक’ क्रमांकाशी बांधून ठेवतात. नवा राउटर त्यांना परका वाटतो. ‘मॅक बाइंडिंग काढा’ एवढे एक वाक्य कस्टमर केअरला सांगितले की काम होते.

इथे एक सावधगिरी महत्त्वाची. राउटर रिस्टार्ट करणे आणि रिसेट करणे यांत मोठा फरक आहे. मागच्या बारीक छिद्रात पिन घालून बटण दाबून धरले की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो आणि त्यात भरलेला पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्डही पुसला जातो. मग साधा बिघाड टेक्निशियन येईपर्यंत लांबतो. रिसेट करण्यापूर्वी ही माहिती कंपनीकडून लिहून घ्यावी.

मोबाइल किंवा लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर मात्र तो दोष घरातला आहे. राउटरने त्या उपकरणाला पत्ता दिलेला नाही. अशा वेळी राउटर आणि ते उपकरण दोन्ही बंद करून चालू करावेत; कंपनीला फोन करून उपयोग नाही.

पत्ता आहे, तरी काही साइट उघडत नाहीत, असे का?

याची तीन मुख्य कारणे आहेत. पहिले ‘डीएनएस’चे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी ही यंत्रणा म्हणजे इंटरनेटची फोन डिरेक्टरी. राउटर सहसा कंपनीचीच डिरेक्टरी वापरतो. ती बंद किंवा संथ झाली की ब्राउझर ‘सर्व्हर सापडला नाही’ म्हणतो, आधीपासून सुरू असलेली काही ॲप मात्र चालू राहतात. राउटरच्या डीएनएस रकान्यात गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ता टाकून पाहावा. तेवढ्याने साइट उघडल्या तर बिघाड कंपनीच्या डीएनएसमध्ये आहे, हे स्पष्ट होते.

दुसरे कारण ‘एमटीयू’. हा माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार. साध्या जोडणीत तो १,५०० बाइट असतो. पीपीपीओईचे स्वतःचे ८ बाइट लागतात, म्हणून तिथे १,४९२ हा आकडा हवा. तो चुकला तर मोठी पाकिटे वाटेत अडकतात. त्याची खूण म्हणजे काही साइट झटकन उघडतात आणि काही अर्धवट उघडून फिरत राहतात.

तिसरे कारण अर्धवट आयपीव्ही६. कंपनी राउटरला नव्या पद्धतीचा पत्ता देते, पण पुढचा रस्ता नीट जोडलेला नसतो. उपकरण आधी नव्या रस्त्याने जाऊन पाहते, वाट पाहते आणि मग जुन्याकडे वळते. म्हणून पान उघडायला दरवेळी काही क्षण जास्त लागतात. राउटरमध्ये आयपीव्ही६ थोडा वेळ बंद करून पाहावे. फरक पडला तर तेच कारण नोंदवून कंपनीकडे तक्रार करावी. मात्र ते कायमचे बंद ठेवणे हा उपाय नव्हे.

सीजीनॅट असेल तर उपाय काय?

पहिला प्रश्न गरजेचा. फक्त कॅमेरा पाहायचा असेल तर पब्लिक आयपीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज अनेकदा नसते. अलीकडच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि डीव्हीआरमध्ये ‘पी२पी’ किंवा ‘क्लाउड’ ही सोय असते. त्यात डीव्हीआर स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतो आणि मोबाइल त्या सर्व्हरमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचतो. डीव्हीआरवरचा क्यूआर कोड कंपनीच्या ॲपमध्ये स्कॅन केला की झाले. घरचा संगणक किंवा फाइल सर्व्हर बाहेरून वापरायचा असेल तर ‘टेलस्केल’सारखी व्हीपीएन सेवा सीजीनॅटमधूनही वाट काढते.

यावर भागत नसेल तर कंपनीकडे पब्लिक आयपी मागावा. त्याचे दोन प्रकार आहेत. ‘स्टॅटिक’ आयपी कायम तोच राहतो आणि त्यासाठी सहसा वेगळे शुल्क असते. ‘डायनॅमिक’ पब्लिक आयपी बदलत राहतो. लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला की नवा पत्ता मिळू शकतो आणि कालपर्यंत दिसणारा कॅमेरा आज दिसत नाही. त्यावर ‘डीडीएनएस’ हा उपाय आहे. त्यात एक कायमचे नाव मिळते आणि पत्ता बदलला की राउटर ते नाव नव्या पत्त्याशी जोडून देतो. मात्र सीजीनॅटमागे असलेल्या जोडणीला डीडीएनएसचा काहीही उपयोग नाही. अनेक जण इथेच फसतात.

‘नेट चालत नाही’ या तक्रारीला ‘रिस्टार्ट करा’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी कस्टमर केअरला किंवा केबलवाल्या दादांना नेमके सांगावे : ‘दादा, स्पीड बरोबर आहे. पण राउटरचा वॅन आयपी १०० ने सुरू होतोय, म्हणजे मी सीजीनॅटमध्ये आहे. मला पब्लिक आयपी हवाय. स्टॅटिक की डायनॅमिक, काय मिळेल आणि महिन्याला किती पडतील? आणि माझ्या कनेक्शनवर आयपीव्ही६ चालू आहे का?’ या प्रश्नांना फोनवरच्या माणसाकडे उत्तर नसेल तर तक्रार ‘टेक्निकल टीम’कडे पाठवण्याचा आग्रह धरावा. नवी जोडणी घेण्याआधी हेच प्रश्न विचारले तर आणखी बरे.

पब्लिक आयपी घेण्यात धोका आहे का?

आहे. सीजीनॅटचे मुख्य गेट अनोळखी लोकांना अडवते, हा त्याचा नकळत मिळणारा फायदा. पब्लिक आयपी घेतला आणि पोर्ट उघडले की जगातून कुणीही त्या दारापर्यंत येऊ शकते. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या फौजेने ‘डिन’ या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत अनेक बडी संकेतस्थळे काही तास बंद पडली. म्हणून पोर्ट उघडण्यापूर्वी डीव्हीआर आणि राउटरचा पासवर्ड बदलावा, त्यांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि लागेल तेवढेच पोर्ट उघडावे. कॅमेरा बसवणाऱ्याने ठेवलेला ‘१२३४५६’ तसाच असेल तर घराचे दार उघडे टाकून गावी गेल्यासारखेच आहे.

एकाच पत्त्यावर अनेक घरे, मग गुन्ह्याचा माग कसा लागतो?

हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्याचा संबंध थेट माणसाच्या स्वातंत्र्याशी आहे. ऑगस्ट २००७ मध्ये ऑर्कुट या समाजमाध्यमावरील छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका आयटी अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्यावरून इंटरनेट कंपनीने दिलेली ग्राहकाची माहितीच चुकीची असल्याचे नंतर उघड झाले. तोवर त्या निर्दोष तरुणाने सुमारे ५० दिवस कोठडीत काढले होते. तेव्हा प्रश्न कंपनीच्या चुकीच्या माहितीचा होता. सीजीनॅटमध्ये तर मुळातच एका पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात.

अशा वेळी केवळ आयपी पत्ता आणि तारीख पुरेशी नसते. नेमकी वेळ आणि पोर्टचा क्रमांक लागतो, तरच अनेक घरांतून एक घर ओळखता येते. कंपन्यांना या नोंदी ठेवाव्या लागतात आणि डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटींत बदल करून त्या किमान दोन वर्षे जपण्याचे बंधन घातले. आपले वाय-फाय पासवर्डविना उघडे ठेवणे किंवा पासवर्ड साऱ्या मजल्याला वाटणे का टाळावे, याचे उत्तरही यातच आहे. कंपनीची नोंद घरापर्यंत पोहोचते. घरातून नेमके कुणी काय केले, हे ती सांगत नाही.

आयपीव्ही६ने हा प्रश्न सुटेल का?

बऱ्याच अंशी. आयपीव्ही६चा पत्ता १२८ बिटांचा असतो आणि पत्त्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की घरातल्या प्रत्येक बल्बलाही स्वतःचा सार्वजनिक पत्ता देता येतो. वाटून घेण्याची गरजच उरत नाही. जगभरात ६ जून २०१२ पासून त्याची कायमस्वरूपी सुरुवात झाली आणि आज भारत त्याच्या वापरात आघाडीच्या देशांत आहे. रिलायन्स जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये ४जी सेवा आणली तेव्हा आयपीव्ही६चा मोठ्या प्रमाणावर वापर केला, त्याचा यात मोठा वाटा आहे.

मोबाइलच्या तुलनेत घरच्या जोडण्यांत मात्र चित्र सारखे नाही. दूरसंचार विभागाने ३१ डिसेंबर २०२२ नंतरच्या नव्या तारेच्या जोडण्या आयपीव्ही६ चालवू शकणाऱ्या असाव्यात, असे ठरवून दिले होते. तरीही जुना ओएनटी, जुना राउटर किंवा बंद ठेवलेले सेटिंग यापैकी एकही आड आले तरी ती सोय घरात पोहोचत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर आयपीव्ही६च्या रकान्यात २ किंवा ३ ने सुरू होणारा पत्ता असेल तर सेवा मिळते आहे. केवळ ‘एफई८०’ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर तो घरापुरता आहे. आयपीव्ही६वरून कॅमेरा पाहायचा तर डीव्हीआरलाही ती पद्धत समजली पाहिजे आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढीच वाट मोकळी ठेवली पाहिजे. पूर्ण फायरवॉल बंद करू नये.

कंपनीने दाद दिली नाही तर?

सीजीनॅट वापरणे बेकायदा नाही. त्यामुळे ‘मला पब्लिक आयपी फुकट द्या’ अशी तक्रार टिकणार नाही. पण स्टॅटिक आयपीचे पैसे घेऊनही तो न देणे, वॅनवर पत्ताच न येणे, डीएनएस वारंवार बंद पडणे या सेवेतील त्रुटी आहेत. ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनुसार आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून ‘डॉकेट’ क्रमांक घ्यावा लागतो. निराकरण झाले नाही किंवा समाधान झाले नाही तर त्यासाठीची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. त्यावर ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

याशिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. दूरसंचार सेवेविरुद्ध थेट ग्राहक आयोगाकडेही जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. कुठेही गेले तरी ‘नेट बरोबर चालत नाही’ या वाक्यापेक्षा वॅन आयपीच्या पानाचा तारीख-वेळेसह काढलेला स्क्रीनशॉट, डॉकेट क्रमांक आणि शुल्काची पावती यांना अधिक वजन असते. राउटर चालू आणि नेट सुरळीत असताना त्या स्टेटस पानाचा एक फोटो आजच काढून ठेवावा. बिघाड झाल्यावर काय बदलले, हे त्यावरूनच कळते.